सव्वा इंच

शुक्रवार पेठेत आमची जागा दहा फूट रुंद.
एका अंगाला मिठारींची भिंत, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी,
दळण चालू झालं की रिकामा प्लॉटसुद्धा थरथरायचा.

नकाशा मीच काढला, उद्यमनगरात,
जेवणाच्या सुट्टीत, पॅटर्नच्या टेबलावर,
हाताशी होती ती पट्टी घेऊन.
ती पट्टी खोटं बोलते.
बीड थंड होताना आक्रसतं,
म्हणून आमच्या फुटात एक सूत जास्त असतं.
तीस वर्षं हेच करतोय, तरी विसरलो.
चौकटी, कड्या, सगळं त्याच मापानं कापून झालं
आणि रसूल नदाफानं फक्की टाकून टेप धरली:
"मास्तर, घर सव्वा इंच जास्त हाय.
मिठारींस्नी सरका म्हणायचं, का गिरणीला?"
मी म्हटलं, थंड झालं की बसेल.
तो हसला नाही.

मग गिलावाच सोडला. सव्वा इंच तिथं भरून निघाला.
विटा उघड्या. लोक म्हणतात, पैसे संपले असतील.
तेही खरंच होतं.

खाली फक्त चार खांब.
एकोणीस सालच्या पाण्याचा डाग मिठारींच्या भिंतीवर आहे,
त्याला लेव्हल लावून मालननं खांबावर कुंकवाचं बोट ओढलं.
त्याच्या दोन हात वर आमची चूल.
महापालिकेच्या फॉर्मात विचारलं होतं, तळमजल्याचा वापर?
मी लिहिलं, नदी.
साहेबांनी खोडून पार्किंग केलं.
आमच्याकडे एक सायकल आहे.

जिना बिडाचा, गोल, एकवीस पायऱ्यांचा.
दिवसाच्या शेवटच्या ओतणीत
लॅडलच्या तळाशी काही उरलं, तर माझ्या साच्यात.
नाही उरलं, तर त्या महिन्यात घर वाढलं नाही.
तोवर बांबूची शिडी.
दळणाचा डबा कमरेवर घेऊन मालन तीवरून चढायची,
वर पोचली की श्वास घेऊन म्हणायची,
"माणसं घर बांधून जिना लावत्यात,
ह्यांनी जिना लावायला घर काढलंया."

पायऱ्यांवर आकडे नाहीत, पण तिला पाठ आहेत.
सहावी अश्लेषाच्या दहावीच्या निकालाची.
अकरावीत हवेचा बुडबुडा राहिलाय, अनवाणी पायाला कळतो.
चौदावी नि पंधरावीच्या मध्ये आठ महिने,
ऑर्डरीच नव्हत्या.
विसावी झाली आणि मालकांनी भट्टी विकली.

चिपडे मॅनेजरनं साचा पेपरात गुंडाळून हातात दिला:
"न्या. आता कुणाला लागणाराय?"
सागवानी. वीस वेळा वाळूत निजून उठलेला.
रसूलला म्हटलं, हाच बसव.
त्यानं एकदा साच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे,
आणि काही न विचारता भोकं पाडली.

बाकीच्या आक्रसल्या, हा नाही.
गव्हाच्या दाण्याएवढा ओळीबाहेर येतो.
पाहुण्यांना वाटतं, माप चुकलं.

अश्लेषा पुण्याहून येते रात्रीच्या गाडीनं.
खालून बीड वाजत येतं,
अकरावीवर जरा थांबतं, चप्पल हातात घेतं,
मग नुसती पावलं.
शेवटी लाकूड वाजायला हवं.
पण मालन विसावीलाच कडी काढते.