पाव टक्का

गुरुवारी दुपारी बाराला
लंडनमध्ये नऊ जणांनी मत दिलं,
पाच विरुद्ध चार.

इथे हलमध्ये, चलन बदलायच्या खिडकीत
मॉरीन फळ्यावरचे आकडे पुसते.
पौंड वधारलाय.
गोदीतला काझिक खूश:
गावी आईला या खेपेला थोडे जास्त झ्लॉटी.

समोरच्या बँकेनं कर्जाचा दर
जेवायच्या सुट्टीआधीच चढवला.
आणि ठेवींचा?
"बघू, कळवू."

मॉरीनच्या घराचा हप्ता
नोव्हेंबरात नव्यानं ठरायचाय.
पावतीच्या पाठीवर ती गुणाकार मांडते,
खोडते,
परत मांडते. तेवढाच येतो.

"पाव टक्का म्हणजे असा कितीसा?"
काझिक नोटा मोजत विचारतो.

ती गल्ला लावून घेते.
"मागची खोली.
खिडकी आहे तिला, सकाळी ऊनही येतं.
तुझ्या ओळखीत आहे का कुणी
भाड्यानं राहणारं?"