मागचा कणा

जलील मिस्तरीच्या शेडमध्ये पोत्यावर
दोन कणे आडवे ठेवलेत.
एक भरीव दांडा, पस्तीस एमएम, तासून चकचकीत.
दुसरा भंगारातल्या मालरिक्षाचा,
मधोमध पोट आलेलं.
त्या पोटात चार लहान दातेरी चाकं
एकमेकांशी काय बोलतात
ते बाहेरून कळत नाही.

माझी येझदी मागून उघडी पडलीय,
चेन खाली ओघळलेली.
मणक्याच्या ऑपरेशननंतर
उजव्या पायानं नोकरी सोडली.
फाटकापाशी गाडी टेकवायला लागतो, तोच पाय.
ब्रेक हाताशी आणता येईल, जलील म्हणाला,
तोल कुठून आणणार?
म्हणून तिसरं चाक.

"भरीव घ्या, फोरमनसाहेब. स्वस्त पडतो.
दोन्ही चाकं एकजीव.
तापीकाठच्या काळ्या रानात रुतलात
तरी मिळून ओढतील.
हे पोटवालं? चिखलात ज्या चाकाला पकड नाही
सगळा जोर त्यालाच देऊन बसतं.
कोरड्यातलं चाक भाऊबंदासारखं
नुसतं बघत राहतं."

मला भरीवच कळतो.
छत्तीस वर्षं भुसावळच्या चाकखात्यात
दुसरं काही पाहिलंच नाही.
आगगाडीची दोन चाकं एका आसावर
दाबून बसवली की बसवली,
पुन्हा वेगळी फिरत नाहीत.
मग वळणावर कसं, शिकाऊ पोरं विचारायची.
मी फरशीवर खडूनं काढून दाखवायचो:
चाक सपाट नसतं रे, उतरतं असतं.
बाहेरचं रुळावर जाड अंगानं येतं,
आतलं बारीक अंगानं,
आणि वळण आपोआप साधतं.

पण ते रुळावर.
डांबरावर रबर फरफटतं,
हॅण्डल वळतं, गाडी सरळ जाऊ म्हणते.
हे मला ठाऊक होतं.
तरी तोंडातून भरीवच निघत होतं.

द्वारका डबा घेऊन आली.
भरीत, कळण्याची भाकर, वर दोन कांदे.
पदरानं घाम पुसत तिनं
पोत्यावर पाहिलं, मग माझ्याकडे.
"मले एक सांगा,
वयनावर आतलं चाक काय करते?"

जलील हसला नाही.
मी खडू शोधू लागलो खिशात,
जो निवृत्त झाल्यापासून नाही.

रोज पहाटे ती मला
क्वार्टरामागच्या मैदानात चालवते.
माझा दंड तिच्या हातात.
कोपरा आला की मी जागच्या जागी
चार पावलं खुरडतो,
ती बाहेरून नऊ टाकते, भराभरा,
दंड न सोडता.
तिची मी कधी मोजली नव्हती.
मोजायचो ती माझी,
डॉक्टरला सांगायला.

"पोटवालं बसव," मी म्हणालो.
जलीलनं कानावरची पेन्सिल काढली,
अठराशे वाढवले,
चेनचं चाक पोटावर बसवायचे सहाशे वेगळे.
"आणि चिखलात?"
"चिखलात मी उतरीन," द्वारका म्हणाली.
"तसाबी इले रिव्हर्स नाही म्हनता."
भाकरी तिघांत वाटली.
भरीत जलीलला तिखट लागलं,
पण त्यानं दोनदा घेतलं.

पहिल्या दिवशी मी सवयीनं
वळताना अंग आत झुकवलं.
गाडी झुकली नाही, मीच झुकलो.
द्वारकानं मागून शर्ट धरला.

भरीव दांडा महिनाभर भिंतीला टेकून होता.
आता यावल नाक्याच्या रसवंतीत
चरकाखाली फिरतो. उत्तम फिरतो,
त्याला कुठं वळायचंच नाही.
गुरुवारी बाजारातून येताना आम्ही तिथं थांबतो,
आलं-लिंबू, बर्फ कमी.
मी गाडीवरून उतरत नाही.
रस येईपर्यंत बसून राहतो,
दोन्ही पाय वर ठेवून.