जुआंवमधला पौंड

म्हापशात, कोर्टाच्या उतारावर,
झेरॉक्स आणि डीटीपीचं माझं दुकान.
शुक्रवारी बाजार. गिऱ्हाईक पिशव्या खाली टेकवतं,
मिरच्यांचा, सुक्या बांगड्यांचा वास आत येतो
आणि मग कळतं, नोटीस मयताची आहे.

पिएदाद लोबो आली. नवऱ्याची वर्साची मीस,
रविवारी सकाळी साडेसातला.
मजकूर मुलानं स्विंडनहून धाडलेला.
मी उघडला. तिनं चष्मा चढवला.
"हें कितें गो बाय?
म्हज्या घोवाच्या नांवांत पयशे कोणें घाले?"

खरंच होते.
जुआंवच्या मधोमध, जिथे धाकट्या ए-च्या माथ्यावर
एक छोटी लाट हवी,
तिथे भलाथोरला ए उभा, लाटेसकट,
आणि त्याला चिकटून पौंड.

यंत्राला अक्षर दिसत नाही.
त्याच्याकडे खण आहेत, एका खणात एक आकडा,
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत.
त्या लाटवाल्या ए-ला दोन खण लागतात:
एकशे पंच्याण्णव, एकशे त्रेसष्ट.
दोन्ही मिळून एकदाच वाचायचे.
वाटेत कुणीतरी ते सुटे वाचले,
दारात आलेल्या नवराबायकोला
दोन परकी माणसं समजून
वेगळ्या खोल्या द्याव्यात तसे.
एकशे त्रेसष्ट एकटा पडला
की जुन्या कोष्टकात तो पौंड असतो.

हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं, चुकून पडलंय, काढते.
"राव मगे," ती म्हणाली,
"थंय पौंड जोडटा,
हांगा बापायच्या नांवांत घालता,"
आणि हसता हसता खुर्चीवर बसली.

तेवढ्यात कोरगावचा सगुण च्यारी,
जत्रेतल्या नाटकाची हस्तपत्रिका घेऊन.
तीन अंकी, संगीत. वीस वर्षांमागची फाईल,
"तीच काढ, फक्त तारीख आणि राजाचं नाव बदल."
उघडली तर सगळा रोमन कचरा.
त्या काळी अक्षरं इंग्रजीच्याच खणांत बसायची,
वरून फॉन्ट देवनागरीचा रंग चढवायचा.
फॉन्ट गेला. रंग उतरला.
राणीच्या लुगड्यातून डब्ल्यू बाहेर आला.

त्याला लाट नाही, जोडी नाही,
वाचण्याची पद्धत बदलून भागत नाही.
नव्यानं टाईप करायला बसले.
आपल्या अक्षराला तीन-तीन खण,
पहिल्यात नेहमी दोनशे चोवीस,
जणू सगळ्यांचं गाव एकच.
दुसऱ्यात वाडा. तिसऱ्यात घर.
वाडे दोनच: एकशे चौसष्ट, एकशे पासष्ट.
ऱ्हस्व वेलांटी अलीकडच्या वाड्यातलं शेवटचं घर,
दीर्घ वेलांटी पलीकडच्यातलं पहिलं.
जन्मभर मी त्या दोघींत चुकत आले,
मास्तरांचा मार खाल्ला;
मध्ये एक कुंपण आहे
हे कुणी सांगितलंच नाही.

सगुण च्यारी: एकतीस खण.
मधल्या मोकळ्या जागेला एकच.
तो खांद्यावरून वाकून बघत होता,
"माझं नाव जरा मोठं कर."

मग जुआंव.
आकडा एकही हलवला नाही.
फक्त सांगितलं, या पद्धतीनं वाच,
आणि पौंड गेला,
लाट आपल्या जागी येऊन बसली.
फाईल कधी चुकलीच नव्हती.

पिएदादनं छापलेल्या कागदावर बोट ठेवलं,
लाटेवरून अलगद फिरवलं, डावीकडून उजवीकडे.
"बाप्तिझ्माच्या वहीत अशीच आहे," ती म्हणाली.
थोडं थांबून,
"तो स्वतः सही करताना घालीत नसे.
सदांच घाई."

पन्नास प्रती. पैसे मोजून दिले,
सुटे, रुपयांतले.
पिशवी उचलताना एक बांगडा
माझ्या टेबलावर ठेवला, कागदात गुंडाळून.
कागद चुकीच्या छपाईचा होता,
पौंड वर आला होता.