दोनशे दिवसांची रेघ

देवगडच्या बर्फ कारखान्यात माझं काम लाद्या मोजायचं.
किती गेल्या, कुणाच्या होडीला, रोख की उधार.
अमोनियाचा वास अंगाला एवढा चिकटलाय
की घरचं मांजर आधी शिंकतं, मग जवळ येतं.

दुपारी जेट्टी रिकामी असते.
मग मी मोबाईल काढून
पंप बनवणाऱ्या एका कंपनीकडे बघत बसतो.
दोन वर्षं बघतोय.
तिचा एक शेअर नाही माझ्याकडे.

पडद्यावर दोन रेघा.
एक भावाची,
टोपलीतल्या जित्या सुंगटासारखी उड्या मारणारी.
दुसरी सरासरीची, जाड, सुस्त:
मागच्या दोनशे दिवसांची बेरीज, भागिले दोनशे.
आजचा दिवस आत आला की सगळ्यात जुना गळून पडतो.
बाजाराचे दोनशे दिवस म्हणजे, सुट्ट्या धरून,
ऑगस्टात होड्या सुटतात तिथपासून
जवळजवळ शाकारेपर्यंत.
आमचा एक हंगामच.

पहिल्या वेळी मी ही रेघ बघितली नव्हती.
कोळंबीचं खाद्य करणारी कंपनी होती ती.
तीनशेचे दोनशे चाळीस झाले, म्हटलं स्वस्त.
एकशे नव्वद झाले, म्हटलं आणखी स्वस्त.
एकशे दहाला मी म्हणायचा थांबलो.
दर्शनानं काही विचारलं नाही.
शिलाई मशीनला मोटर बसवायची होती तिला, त्याचेच पैसे ते.
ती पायानं मशीन चालवत राहिली,
नेहमीपेक्षा जरा जोरात.

जानू कोयंडे बंदर खात्यातून निवृत्त झालेले.
एकतीस वर्षं जेट्टीच्या खांबावरचे आकडे वाचले त्यांनी,
उधाणाचं पाणी, भांगाचं पाणी,
अवसेच्या रात्री बॅटरी मारून,
आणि वहीत लिहिले.
एकदा त्यांना मोबाईल दाखवला.
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
शेअर म्हणजे काय, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही.
म्हणाले, "आज किती चढलंस, ह्या पाण्याक इचारू नको.
रवतंस खंय, ता इचार."

मी म्हटलं, पण जानूकाका, ही रेघ उशिरा सांगते.
भाव कधीचा वळलेला असतो, मग ही वळते.

"सांगतली. माझी वही पण उशिराच सांगी.
पण घराचो जोतो किती वर घालूचो,
ता लोक तिकाच इचारीत."

मार्चमध्ये पंपांचा भाव रेघेवर चढला.
तीन दिवस बसला, चौथ्या दिवशी घसरला.
रेघ तेव्हाही खालीच उतरत होती.
मी हात बगलेत दाबून बसलो.
मे गेला. होड्या किनाऱ्यावर आल्या, झापांखाली गेल्या.
रेघ आडवी झाली. आडवीच राहिली,
वारा पडल्यावर खाडीचं पाणी राहतं तशी.

नारळी पौर्णिमेनंतरच्या बुधवारी
भाव वर, आणि रेघ स्वतः चाळीस पैशांनी वर.
चाळीस पैसे! लादीचा कोपरा फुटला
तरी याहून जास्त जातात.

या वेळी आधी दर्शनाला सांगितलं.
तिनं दोरा दातानं तोडला.
"आणि पडलो तर?"
रेघेच्या खाली गेला तर विकणार.
"कधी?"
त्याच दिवशी.
"लिहून दे."

जवळ खाकी कागद होता, कुणाच्या तरी ब्लाऊजचा.
छाती छत्तीस, बाही नऊ.
त्याखाली मी रेघेचा आकडा लिहिला.
मग म्हटलं, पण हा उद्या बदलेल, रेघ रोज सरकते.
"मग रोज लिही," ती म्हणाली
आणि चाकावर हात ठेवून मशीन सुरू केली.

चार शेअर घेतले आहेत. फक्त चार.
संध्याकाळी अमोनियाच्या वासासकट घरी येतो,
मांजर शिंकतं,
आणि मी बाहीखाली
आजचं पाणी लिहितो.