आधी वरचं बूच

चोर्ला घाटात, चौथ्या वळणानंतर
मागच्या चाकांमधून आवाज सुरू झाला,
गिरणीत दाणा संपल्यावर
दगडावर दगड फिरावा तसा.
म्हापशात रताळी उतरवली,
रिकाम्या गाडीत तो आणखीच मोठा झाला.
खिडकीतून फोन मागे धरून
आप्पांना ऐकवला.
"तेल मागालंय," ते म्हणाले. "कधी बदललीस?"
मी गप्प बसले.

बेकिनकेऱ्यात आमच्याकडे सपाट जागा एकच,
जुनं खळं.
मेढीचा खड्डा अजून आहे, त्यात पाणी साठतं.
लहानपणी इथंच आप्पांनी दाखवलेलं,
मेढीजवळचा बैल रेंगाळतो, कडेचा धावतो,
दावं एकच.
"मागच्या त्या गोळ्यात हेच चालतं," म्हणाले होते.
मी बरेच दिवस समजत होते
गाडीखाली बैल आहेत.

उचगाव फाट्यापर्यंत एक फेरी मारून आले,
तेल पातळ व्हायला.
मग खाली पोतं पसरून सरकले.
आप्पा बाहेर उकिडवे, हातात बॅटरी,
धरायला तीन बोटं.
उरलेली दोन उद्यमबागेत,
एका प्रेसखाली, माझ्या जन्माआधी.

"आधी वरचं बूच. मग खालचं."
खानापुरात एकदा त्यांनी उलटं केलं होतं.
खालून सगळं सोडलं,
आणि वरचं गंजून बसलेलं,
पान्यानं त्याचे कोपरेच गोल झाले.
तीन दिवस गाडी जागेवर,
मागे कोथिंबीर पिवळी.
भरायची वाट मोकळी नसेल
तर कुणाला रितं करू नये,
असं काही आप्पा म्हणाले नाहीत.
म्हणाले, "पाना सरळ धर गे."

वरचं सुटलं. खालचं सुटलं,
आणि मनगटावरून कोपरापर्यंत
गरम काळी काकवी.
वास विझलेल्या फटाक्यांचा.
ट्रे म्हणजे गिरणीची जुनी पाटी,
कडा ठोकून वर केलेली.
पाट्या बदलायचं फर्मान आलं त्या वर्षी उतरवली,
नवी लागली, दगड तेच राहिले.
तेल आधी 'दळप'वर पडलं,
मग सावकाश 'कांडप'कडे सरकलं.
दोन्ही बुडाल्यावर पाटी कुठल्याच भाषेची राहिली नाही.
आप्पांनी तिकडे बघितलं नाही,
बॅटरी मात्र थोडी हलली.

बुचाच्या चुंबकाला करडी लव,
सुरवंटासारखी.
आप्पांनी ती अंगठ्यावर घेतली,
तर्जनीनं चोळली, उन्हात धरली.
"पीठ आहे. पीठ चालतं.
कणी लागली असती तर रडली असतीस."

नवं तेल संकेश्वरच्या इराण्णाकडचं.
मी कन्नडमधून दोन लिटर मागितलं होतं,
त्यानं मराठीतून पैसे सांगितले.
तांब्याचा वायसर फुकट दिला
आणि वर म्हणाला, फुकट नाही, पुढच्या खेपेला बघू.

वरच्या भोकात नळी घातली.
बाटली दाबताना मधासारखा जड आवाज,
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं खालचं बूच लावलं की नाही?
लावलं होतं.
शेवटी काठावरून एक धार
माझ्या कानामागे उतरली.
"साक, साक," आप्पा म्हणाले.
पुरे म्हणायचं असलं की ते नेहमी कन्नडमध्येच म्हणतात,
चहाला, भाताला, भांडणालासुद्धा.
आई म्हणायची, मराठीतलं 'पुरे' ह्यांना माहीतच नाही.

सोमवारी पहाटे पुन्हा चोर्ला.
मागे बावीस पोती, पुढे धुकं.
चौथं वळण आलं, गेलं.
बाहेरचं चाक धावलं, आतलं रेंगाळलं,
आवाज नाही.
त्याच्याखाली दडलेलं मात्र आता ऐकू येऊ लागलं,
फाळक्याची साखळी,
सीटखाली लोळणारा चोवीसचा पाना
जो खळ्यावर सापडत नव्हता.

कड्याला रेंज असते तिथं थांबून
फोन लावला.
"काय म्हणतंय?"
गाडी हळू पुढे घेतली, वळणावर घातली,
फोन खिडकीबाहेर, मागच्या चाकाकडे धरला.
आप्पा ऐकत राहिले.
वारा असेल, एखादा पक्षी,
बाकी काहीच नव्हतं
आणि ते ऐकत राहिले.
मग म्हणाले, "ठेव. बिल वाढालंय."