मध्य चुकलेली चकती

नोव्हेंबरपासून लामोने नदीवरचं धुकं
शटरच्या फटीतून आत येतं
आणि ओल्या कुत्र्यासारखं लेथखाली बसून राहतं.
टेबलावर अडीचशे सी.सी.चं एकच सिलिंडर,
माझ्याहून चार वर्षांनी मोठं.

दंतवैद्य रावायोलींना ते एप्रिलपर्यंत हवं आहे,
घाटातल्या शर्यतीसाठी.
"आवाज तोच हवा," म्हणतात.
तोच म्हणजे कुठला, त्यांनाही ठाऊक नाही;
तेव्हा ते जन्मले नव्हते.

माझ्याकडे आर्देलिओची वही आहे.
चौकटीचा कागद, शिसपेन्सिल, अंगठ्याचे काळे ठसे.
झडप कधी उघडायची, कधी मिटायची,
ठिणगी किती आधी, सगळं अंशांत;
आणि मध्येच: बटाटे दोन किलो. नीव्हेसला फोन.

तीन आठवडे मी वहीबरहुकूम चालले.
उभ्या शाफ्टच्या टोकांना, दातेरी चाकांखाली
केसाहून पातळ वायसर सरकवले, काढले, पुन्हा सरकवले.
दातांनी दातांना शिवावं, चावू नये.
मग पिस्टनच्या माथ्यावर मुलांची खेळायची माती थापली
(हिरवी; दुकानात तीच उरली होती),
हेड बसवलं, हाताने दोन फेरे दिले, उघडलं.

मातीत झडपेचा चंद्र उमटला होता
आणि चंद्राच्या तळाशी
सिगारेटच्या कागदाएवढी माती.
नऊ हजार फेऱ्यांवर
पहिल्याच चढावर हे इंजिन स्वतःचाच घास घेईल.

पुन्हा मोजलं. डोळ्यांत तेल घालून मोजलं.
जर्मन चकती, लेसरने कोरलेले तीनशे साठ अंश.
आकडे वहीतलेच.
म्हणजे म्हातारा खोटं लिहून गेला.
आमच्याकडे ही रीत जुनी:
वही चोरीला जाणार हे धरूनच वही लिहायची.
पेसारोची माणसं खिडकीला कान लावून बसतात, तो म्हणायचा.
पण मी का चोर होते?
अकरा वर्षं त्याचे पाने पुसले,
आणि पानं माझ्यासाठी अशी ठेवलीन?
त्या रात्री मी त्याला आमच्या बोलीत शिव्या दिल्या.
शुद्ध भाषेतल्या तितक्या लागत नाहीत.

चकती सापडली फेब्रुवारीत,
बिस्किटांच्या डब्यात. मी तांब्याचा वायसर शोधत होते.
टोमॅटोच्या मोठ्या डब्याचं झाकण,
रेघा खिळ्याने ओढलेल्या, दर दहावी जरा लांब.
भोक मध्यावर नव्हतं.
चार मिलिमीटर बाजूला;
इकडे अंश दाटीवाटीने, तिकडे ऐसपैस.

क्रँकवर चढवली. वहीतले आकडे. हिरवी माती. दोन फेरे.
चंद्राच्या तळाशी दीड मिलिमीटर.
मी स्टुलावर बसले.

म्हणजे तो खरंच लिहीत होता.
चुकलेल्या मध्याभोवती, तीस वर्षं, अगदी खरं.
माफी मागायला हवी;
पण दिलेली शिवी परत घ्यायला
आमच्या बोलीत शब्द नाही.

मार्चमध्ये पेटलं. तिसऱ्या ढकलीला.
आधी खोकलं, मग गल्लीतल्या काचा थरथरल्या,
समोरच्या चिनी मातीच्या दुकानातून बाई बशा धरत धावली.
आणि एरंडेल जळल्याचा तो वास.
ह्याच तेलाची बाटली काळ्या सदऱ्यांच्या टोळीने
आर्देलिओच्या बापाच्या घशात ओतली होती,
भर चौकात, बाजाराच्या दिवशी.
मुलाने जन्मभर तेच तेल जाळलं.
का, ते मी विचारलं नाही. तो पाने मागायचा, मी द्यायची.

जेट एक नंबर खाली आणला. सुई तिसऱ्या खाचेत.
प्लग काढून पाहिला: भाजक्या विटेचा रंग.
रावायोली डोळे पुसत म्हणाले, "तोच आवाज."
मी मान हलवली. पैसे मोजून घेतले.

वहीतला एकही आकडा मी दुरुस्त केला नाही.
फक्त पहिल्या पानावर, बटाट्यांच्या वर,
पेन्सिलीला टोक काढून लिहिलं:
आधी बिस्किटांचा डबा शोध.