डावीकडे दोन बोटं

कोनापुरे वकील गेले, आणि त्यांच्या मुलाने
कागदपत्रं पुरी करून पिस्तूल क्लबला देऊ केलं.
सेक्रेटरी म्हणाले, गेंट्यालमामा, तुम्हीच बघा,
घ्यायचं की नाही, एक पान लिहून द्या.

मी तीस वर्षं जॉबर.
माग ऐकून सांगायचो, कुठला बोल्ट सैल आहे.
अक्कलकोट रोडवरचे ते माग भंगारात गेले,
कान राहिला.

म्हणून आधी ऐकलं.
दोनदा रिकामं असल्याची खात्री करून, नळी भिंतीकडे धरून
स्लाइड मागे ओढली, सोडली.
अख्खं पोलाद. आवाज एकच, ठक्.
हलवून पाहिलं तर केसभर जागा आहे,
धोट्याला असते तेवढी:
अजिबात नसली तर अडकतो, जास्त झाली तर सूत तोडतो.

रिकामं वजन एक किलो एकशे ऐंशी.
कळत नसेल तर सोलापुरी चादर घडी करून
एका हातात घ्या, कोपर न वाकवता,
आणि मिनिटभर भिंतीवरच्या पालीकडे बघत राहा.

चापासाठी बोल्लीच्या दुकानातून वजनं आणली.
काय मोजताय? म्हणाला.
म्हटलं, बोटाचा जोर.
चापाला दुहेरी सूत बांधून किलोचं लटकवलं:
घोडा पडेना.
त्यावर शंभरचं ठेवलं: पडला.
मध्ये कुठे कचकच नाही,
खडा नसलेल्या पिठासारखं.

मग काडतुसं भरली.
मे महिना, अकरालाच पत्रा कडकड वाजायला लागलेला,
सुताच्या जुन्या गोदामात पंचवीस मीटर
आणि मीटरामीटरावर ऊन.
पहिल्या पाच गोळ्या: डावीकडे दोन बोटं, जरा खाली.
पुढच्या पाच: तिथेच.
मी लिहिलं,
"मागची खाच उजवीकडे सरकवावी लागेल."
लिहिलं आणि पेनाला टोपण बसेना.
दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा टेबलावर टेकवून बसवलं.

राजमणी तेवढ्यात कॉलेजातून आली.
सायकल, ओढणी, कानावर बसवायची ती ढापणं.
तिची आई विड्या वळते, लहानपणी हीही वळायची;
पान फाटू नये, तंबाखू सांडू नये
एवढाच जोर तिची बोटं जाणतात,
ते मी शिकवलेलं नाही.
तिने कागद पाहिला, टार्गेट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
म्हणाली, मामा, पिशवीवर टेकवून मारा ना.

पिशवी म्हणजे मालदांडीची, अडीच किलो,
मीच शिवलेली, मीच सगळ्यांना सांगतो:
हत्याराचा दोष वेगळा काढायचा, हाताचा वेगळा.
टेकवलं. ज्वारी मनगटाखाली सरकली, थांबली.
पाच गोळ्या.
रुपयाखाली झाकल्या जातील अशा, आणि ऐन मध्यावर.
खाच होती तिथेच होती.

मागावर सूत तुटलं की पोरं म्हणायची, मशीन खराब आहे.
मी म्हणायचो, आधी हात दाखव.
राजमणीला मी हात दाखवला नाही.
खिशात घातला, किल्ली शोधल्यासारखा.

मग तिने उभं राहून मारल्या:
आठ, नऊ, दहा, दहा.
सातव्या गोळीला खांदा उतरला, वजन तिला जड आहे;
पण धक्का पोलाद पोटातच जिरवतं,
माशी उडून पुन्हा खाचेत येऊन बसते,
ती हसली तेव्हा मी टार्गेट मोजत होतो.

अहवालातलं ते वाक्य खोडलं.
खाली लिहिलं: घ्यावं.
मूठ सागवानी करून घ्यावी, राजमणीच्या तळव्याच्या मापाने.
तपासणाऱ्याची सही केली,
ती रेघ सोडून डावीकडे गेली, जरा खाली.

संध्याकाळी वजनं परत द्यायला गेलो.
बोल्लीने शंभरचं उजेडात धरलं,
अंगठ्याने घासून पाहिलं,
झिजलं तर नाही ना.